मिलिमीटरचा उंचवटा कळतो, पण चूक कोणाची ते कळत नाही: रेसिंग सिम कुठे जिंकतो आणि कुठे डोकं फिरवतो

इटलीतल्या मोंझा या रेस ट्रॅकची सरळ पट्टी संपते तिथे पहिलं शिकेन आहे, उजवी-डावी अशी अगदी आवळलेली वळणं, आणि जीटी३ गाडी (रेसिंगसाठी तयार केलेली स्पोर्ट्स कार) तिथे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर स्पीडने येते आणि एकदम सत्तर-ऐंशीवर आणावी लागते. रेसिंग सिममध्ये, म्हणजे खऱ्या गाडीसारखं वागायला बघणाऱ्या गेममध्ये, एका ऑनलाइन रेसला मी तिथे नेहमीच्या जागी ब्रेक मारला, मागच्याने मारला नाही, त्याने मला मागून ढकललं, मी दोन्ही वळणं ओलांडून सरळ पलीकडे गेलो आणि स्क्रीनवर मेसेज आला की तुम्ही ट्रॅक कापलात, पेनल्टी घ्या. ढकलणारा पुढे निघून गेला. त्याला काहीच नाही.

आता गंमत बघा, त्याच गेमने आधीच्या वीस मिनिटांत मला कर्बची, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याची, उंची हाताला जाणवून दिली होती, पुढचा डावा टायर जास्त तापलाय हे स्टीअरिंगमधून सांगितलं होतं, पेट्रोल कमी होत गेलं तशी गाडी हलकी होऊन वळायला सोपी झाली तेही कळलं होतं. एवढं सगळं ज्याला कळतं त्याला मागून धक्का बसला हे कळू नये? हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता आणि त्याचं उत्तर शोधता शोधता हे गेम आतून कसे चालतात ते थोडंफार समजलं, तेच इथे सांगतोय. थोडक्यात माझं मत असं झालंय की जे मोजता येतं ते सिमने जवळपास जिंकलंय, आणि जिथे मोजून भागत नाही, निवाडा करावा लागतो, तिथे तो अडखळतो.

सुरुवात टायरपासून करू कारण सगळं तिथेच आहे. साधी गाडी धरली तर रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा दर चाकामागे साधारण तळहाताएवढा असतो, आणि वेग वाढवणं, थांबवणं, वळवणं, सगळं त्या चार तळहातांवर. आपल्याला वाटतं चाक जिकडे वळवलं तिकडे गाडी जाते, पण तसं नसतं. वळताना चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेला सरकत असते, मधलं रबर ताणलं जातं आणि त्या ताणातूनच वळवणारा जोर तयार होतो. या दोन दिशांमधल्या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. तो थोडा वाढला की ग्रिप, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड, वाढते, काही अंशांपर्यंत वाढत राहते, मग एक शिखर येतं आणि त्यापुढे अजून स्टीअरिंग फिरवलं तर ग्रिप उलट कमी व्हायला लागते. नवीन माणूस नेमका इथे फसतो, गाडी वळत नाहीये म्हणून तो अजून फिरवतो, आणि गाडी अजूनच सरळ जाते. खरं तर थोडं सोडायला हवं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही ग्रिप एकच असते, ब्रेकसाठी वेगळी आणि वळण्यासाठी वेगळी नाही. घरात एकच पगार येत असेल तर भाड्याला जास्त गेले की बाकी खर्चाला कमी उरतात, तसंच. सरळ असताना पूर्ण पगार ब्रेकवर उडवता येतो, पण वळायला सुरुवात केली की ब्रेक हळूहळू सोडत जायचं आणि तेवढी ग्रिप वळण्याकडे द्यायची. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात आणि चांगल्या सिममध्ये हे एकदा जमलं ना की आपला लॅप टाइम असा खाली येतो की आधी आपण नेमकं काय करत होतो असं वाटतं. त्यात पंखवाल्या गाड्यांचं अजून एक असतं, हवा गाडीला खाली दाबते तो दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभरच्या मानाने दोनशेला चौपट. त्यामुळे वेग जास्त असताना पहिला ब्रेक दणकून मारता येतो आणि वेग उतरेल तसा पाय उचलावाच लागतो, नाहीतर चाकं लॉक.

हे सगळं गेममध्ये कसं घालतात? सगळ्यात गाजलेली पद्धत डच प्राध्यापक हान्स पाचेका यांच्या नावाने ओळखली जाते, तिला चक्क मॅजिक फॉर्म्युला म्हणतात. खरा टायर मशीनवर फिरवायचा, वेगवेगळ्या वजनाखाली किती जोर मिळतो ते मोजायचं, आणि त्या आकड्यांवर बसेल असं एक समीकरण तयार करायचं. टायर असा का वागतो हे ते समीकरण सांगत नाही, कसा वागतो तेवढं सांगतं. पण याचा एक तोटा आहे. जिथपर्यंत मोजमाप आहे तिथपर्यंत सगळं खरं वाटतं, पण गाडी पूर्ण आडवी झाली, टायर थंडगार आहे किंवा पार भाजलाय, अशा वेळी आकडे थोडे असतात आणि मग प्रत्येक गेम बनवणारा आपापल्या अंदाजाने उरलेलं भरतो. म्हणून बघा, ग्रिपच्या आत चालवताना सगळे नामांकित सिम एकमेकांसारखे वाटतात आणि गाडी निसटली की प्रत्येकाचं वागणं वेगळं, एकात सावरता येते, दुसऱ्यात बर्फावर असल्यासारखी गोल फिरते. लोक यावरून तासन्‌तास भांडतात पण भांडणाचं मूळ कारण हे आहे.

टायरच्या हवेचंही तसंच. असेटो कोर्सा कॉम्पेटिझियोने या सिममध्ये जीटी३ गाडीला कोरड्या ट्रॅकवर गरम टायरमध्ये साधारण २६ ते २७ पीएसआय प्रेशर लागतं असं सगळे सांगतात, पण पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी तयार करतात तिथे, थंड टायरला तेवढं भरलं की झालं वाटोळं, कारण टायर तापला की आतली हवाही तापते आणि दोन-तीन लॅपमध्ये प्रेशर पाच-सहाने वर जातं. म्हणून आधी कमी भरायचं. बाहेर ऊन असेल तर अजून कमी. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, शाळेत शिकलेला वायूचा नियम असा कामाला येतोय म्हणून.

ट्रॅकच्या बाबतीत तर विचारूच नका. चांगल्या सिममधले बरेच ट्रॅक लेझरने स्कॅन केलेले असतात, म्हणजे यंत्र घेऊन पूर्ण ट्रॅकवर फिरायचं, लेझर मारत जायचं आणि कोट्यवधी बिंदू गोळा करून रस्त्याचा प्रत्येक चढ, उतार, ठिगळ आणि कर्ब जसाच्या तसा उतरवायचा. जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ हा ट्रॅक २० किलोमीटरच्या वर लांब आहे, जंगलातून जातो, आणि त्यात कारुसेल नावाचं वळण आहे जिथे आतल्या बाजूला काँक्रीटची तिरकी खोलगट पट्टी आहे. त्यात चाकं टाकली की हातातलं स्टीअरिंग असं थरथरतं की दात आवळावे लागतात. हे ठिकाण मी डोळ्याने पाहिलेलं नाही, पण काँक्रीटच्या कुठल्या जोडावर गाडी उसळते ते मला माहीत आहे. गेमने दिलेली इतकी मोठी गोष्ट मला दुसरी सांगता येणार नाही.

स्टीअरिंगमधल्या त्या थरथरीला फोर्स फीडबॅक म्हणतात आणि त्याबद्दल खूप गैरसमज आहेत. बऱ्याच जणांना वाटतं जितकं जड तितकं खरं. तसं नाही. खऱ्या गाडीत पुढचे टायर वळताना स्वतःहून सरळ व्हायला बघतात, तो ओढा हाताला लागतो, आणि टायर ग्रिपच्या शिखराजवळ पोचला की हा ओढा आधीच कमी व्हायला लागतो. म्हणजे स्टीअरिंग हलकं पडलं की समजायचं, पुढचं चाक आता सुटणार. ही सूचना सगळ्यात मोलाची असते. आता आपण सेटिंग इतकं वाढवलं की गेमच्या स्टीअरिंगमधल्या मोटरची ताकद संपली, तर त्याच्या वरचे सगळे झटके एकाच पातळीला कापले जातात, स्पीकरचा आवाज फुल्ल केल्यावर गाणं फाटतं तसं, आणि मग नेमकं ते हलकं पडणं हाताला कळतच नाही. याला क्लिपिंग म्हणतात. आतून गिअरवर चालणाऱ्या छोट्या व्हीलला (गेमच्या स्टीअरिंगला) जेमतेम दोन-सव्वादोन न्यूटन मीटर ताकद असते, तिथे तर हे फार लवकर होतं, म्हणून लहान व्हील असेल तर फीडबॅक थोडा कमीच ठेवा, हात दुखतील असा नको, कळेल असा हवा.

आणि कंट्रोलरवर खेळणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नका, अंगठ्याची काडी जेमतेम सेंटीमीटरभर हलते आणि तेवढ्यात शेकडो अंश फिरणारं स्टीअरिंग बसवायचं म्हणजे गेमला मधे बरीच मदत घालावी लागते. ती मदत किती छान घातलीय यावर कंट्रोलरचा अनुभव ठरतो, तुमच्या कौशल्यावर नंतर.

आता जे मिळत नाही त्याबद्दल. गाडी चालवताना माणूस सगळ्यात आधी शरीराने समजतो, मागचा भाग निसटायला लागला की पाठीला कळतं, ब्रेक जोरात लागला की पट्टे छातीत रुततात. घरात खुर्चीवर यातलं काही नाही. मग मेंदू डोळे, कान आणि हात एवढ्यावर काम चालवतो, आणि म्हणून सिममध्ये मागचा भाग निसटलेला कळेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. नवीन माणसाला वाटतं फिजिक्स भंगार आहे, गाडी उगाच फिरते. गाडी उगाच नाही फिरली, तिने सांगितलं पण सांगायचा रस्ता बंद होता. यावर थोडा इलाज म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं ते, नीट लावणं, स्क्रीनचा आकार आणि डोळ्यापासूनचं अंतर यावरून तो काढतात. सगळे जण तो खूप रुंद ठेवतात कारण वेग जास्त वाटतो, पण त्यामुळे वळण आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि ब्रेकिंगचा अंदाज चुकतो. बरोबर लावला की पहिले दोन दिवस सगळं हळू आणि अडकल्यासारखं वाटतं, कळ काढा. ब्रेकचंही तेच, किती खाली दाबलं हे मोजणाऱ्या पेडलपेक्षा किती जोराने दाबलं हे मोजणारं लोडसेल पेडल चांगलं, कारण पायाला अंतरापेक्षा जोर जास्त नीट लक्षात राहतो. व्हीलवर पैसे घालण्याआधी पेडलवर घाला असं मी सगळ्यांना सांगतो.

शरीराला कळत नसूनही यात शिकलेलं खऱ्या ट्रॅकवर उपयोगी पडतं हे सिद्ध झालंय. लुकास ऑर्डोन्येझ २००८ साली ग्रॅन टुरिस्मो या गेमची जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकला, तिथून खऱ्या रेसिंगमध्ये गेला आणि २०११ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसमध्ये एलएमपी२ गटात त्याची गाडी दुसरी आली. उलट दिशेनेही आहे, मॅक्स वर्स्टॅपेन फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झालेला असूनही सिम रेसिंग मनापासून करतो.

इथपर्यंत सगळं मोजण्याचं झालं. आता दुसरी बाजू, जिथे चिडचिड होते.

ऑनलाइन रेसमध्ये समोरची गाडी जी दिसते ना, ती तिथे नसते. ऐकायला विचित्र वाटेल पण हिशोब करा. अडीचशेच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास ७० मीटर जाते. त्याच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर आणि तिथून तुमच्याकडे माहिती यायला शंभर मिलिसेकंद लागले तरी तेवढ्यात तो सात मीटर पुढे गेलेला असतो, आणि जीटी३ गाडीची लांबी असते साडेचार-पाच मीटर. म्हणजे एका गाडीपेक्षा जास्त. मग गेम काय करतो, शेवटची माहिती धरून तो आत्ता कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि ती अंदाजाची गाडी आपल्याला दाखवतो. सरळ रस्त्यावर अंदाज बरोबर येतो. पण ब्रेकिंगला काय होतं, त्याने ब्रेक मारलाय आणि तुमच्याकडे ती बातमी अजून यायचीय, गेम समजतो तो अजून पळतोय, मग बातमी आली की त्याची गाडी मागे ओढली जाते, आणि तुम्ही त्याच्या अगदी मागे असाल तर धाडकन आदळता. तुमच्या स्क्रीनवर तो मागे आला. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही ठोकलंत. दोघंही खरं बोलतायत! त्यामुळे ऑनलाइन असताना मागे चिकटून ब्रेक मारू नका, थोडं अंतर किंवा अर्धी गाडी बाजूला ठेवा, निम्म्या मारामाऱ्या तिथेच टळतील.

आणि मग येतो माझा मोंझाचा प्रश्न, चूक कोणाची. विचार केला तर खऱ्या रेसमध्येसुद्धा स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, चार बाजूंचे कॅमेरे बघून, टेलिमेट्री (गाडीतून आलेले आकडे) बघून बराच वेळ चर्चा करतात आणि तरी लोक भांडतात. वळणाच्या आत कोण किती आत होता, त्याला जागा द्यायला हवी होती का, त्याने ब्रेक उशिरा मारला की पुढच्याने लवकर, यातलं काहीच एका आकड्यात बसत नाही. आयरेसिंग या ऑनलाइन सिमने सरळ ठरवून टाकलंय की आम्ही चूक ठरवणारच नाही. डांबरी ट्रॅकवर चाकं बाहेर गेली तर दंडाचा १ पॉइंट, गाडीवरचा ताबा सुटला तर २, जोरात टक्कर झाली तर ४, आणि टक्कर झाली तर दोघांनाही, कोणीही मारलेली असो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा अन्याय वाटला. पण त्यामागचा विचार असा की शंभर रेस धरल्या तर नशीब सगळ्यांचं सारखंच होतं, आणि जो गडबडीपासून लांब राहायला शिकतो त्याचं सेफ्टी रेटिंग वर जातं, मग त्याला तसेच शांत लोक भेटतात. शंभर रेसच्या हिशोबात हे चालतं, हे मी मान्य करतो. एका रेसच्या हिशोबात चालत नाही, आणि माणूस तर संध्याकाळी एकच रेस खेळायला बसलेला असतो.

बाकी गेम चूक ठरवायचा प्रयत्न करतात, कोणी कोणाला मागून लागलं, वेगात फरक किती, वगैरे नियम लावून, आणि त्यातूनच ढकललेल्यालाच पेनल्टी असे प्रकार होतात, कारण ट्रॅक कापला का हे बघणारा नियम वेगळा आणि धक्का बघणारा वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणंच नसतं. ट्रॅक कापणं मोजता येतं, चार चाकं रेषेबाहेर गेली की झालं. का गेली, ते मोजता येत नाही.

कॉम्प्युटरच्या गाड्यांशी खेळलं तरी हीच अडचण वेगळ्या रूपात येते. बहुतेक गेममध्ये त्या गाड्या एका ठरलेल्या रेषेवरून चालतात, एकामागे एक रेल्वेसारख्या, आणि आपण शेजारी गेलो तरी त्यांना आपण दिसत नाही असंच वाटतं. यावर सोनीच्या टीमने ग्रॅन टुरिस्मोसाठी सोफी नावाचं एआय तयार केलं, ते स्वतः चालवून चालवून शिकलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत नेचर या विज्ञान नियतकालिकात त्यावर लेख आला. जुलै २०२१ मध्ये चांगल्या खेळाडूंशी झालेल्या सामन्यात टीमच्या एकूण गुणांत माणसं जिंकली होती, ऑक्टोबरमध्ये सोफी जिंकली. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की तिला वेगात पळायला शिकवण्याइतकंच सभ्यपणे पळायला शिकवणं अवघड गेलं. टक्करीची शिक्षा कमी ठेवली तर ती घुसते, जास्त ठेवली तर घाबरून वाट सोडते, आणि मधली जागा कुठे ते शेवटी माणसांनी बघून ठरवावं लागलं. वेग स्टॉपवॉच सांगतं, सभ्यपणासाठी कोणतं घड्याळ नाही.

अजून एक चीड आणणारी गोष्ट आहे ज्याचा फिजिक्सशी संबंधच नाही, ती म्हणजे सर्व्हर. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये एकट्याने खेळायलाही बऱ्याच ठिकाणी इंटरनेट लागतं, आणि मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले, तेवढा वेळ विकत घेतलेला गेम जवळपास नुसता बघत बसायचा. नंतर त्यांनी माफी मागून दहा लाख क्रेडिट (गेममधले पैसे) दिले. द क्रू या गेमचं तर त्याहून वाईट झालं, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर कायमचे बंद केले आणि गेमच संपला. मोठ्या स्पर्धाही यातून सुटत नाहीत, जानेवारी २०२३ च्या व्हर्च्युअल ल माँमध्ये, म्हणजे त्या २४ तासांच्या रेसच्या ऑनलाइन रूपात, वर्स्टॅपेन आघाडीवर असताना कनेक्शन तुटलं आणि सगळं हातचं गेलं. करिअर मोडमध्ये उगाच वेळ खाणं हा अजून एक प्रकार, २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये प्रत्येक गाडी वेगळी चालवून लेव्हल वाढवल्याशिवाय तिचे पार्ट उघडत नव्हते, लोकांनी ओरड केल्यावर मार्च २०२४ मध्ये ते बदललं.

मग मी काय केलं तर उघड्या लॉबीतल्या, कोणीही येऊन खेळतं अशा, रेस कमी केल्या आणि एका लीगमध्ये जायला लागलो, जिथे रेस झाल्यावर तक्रार करता येते आणि रेसमध्ये नसलेली तीन माणसं रिप्ले बघून निकाल देतात. त्याला दोन दिवस लागतात. गेल्या महिन्यात पुन्हा मोंझालाच, त्याच शिकेनला, पुन्हा मागून धक्का बसला, मी क्लिप जोडून तक्रार टाकली आणि माझ्या मते त्यात शंकेला जागाच नव्हती. निकाल आला त्यात लिहिलं होतं की मागच्याने उशिरा ब्रेक मारला हे खरं, पण मी ब्रेक मारता मारता आतल्या बाजूला सरकलो होतो आणि त्याची सुटायची वाट बंद झाली होती, म्हणून दोघांनाही पाच पाच सेकंद. मी रिप्ले त्याच्या कॉकपिटमधून लावून बघितला. खरंच सरकलो होतो, अर्धी गाडी तरी.